भागीरथी वसतिगृह, कॅनडा शाखा

आमच्या गराजमध्ये बर्फ ओढायचं जे फावडं आहे, त्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर 'रखवालदार, भागीरथी वसतिगृह, कॅनडा शाखा' असं कोरलेलं आहे. फावडं माझं आहे, दुकानातून मीच आणलेलं. कोरलं मात्र शेजारच्या शकूताई मोहोड यांनी, आणि तेही मला न विचारता. मी हातमोजे शोधायला घरात गेलो होतो. परत येऊन पाहतो तर या बाई नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून, हातात ते घुर्र घुर्र करणारं नाव घालायचं विजेचं यंत्र घेऊन माझ्या फावड्यावर वाकलेल्या. 'रखवाल' एवढं झालं होतं.

"ताई, हे काय?"

"भांड्यावर नाव नसलं की भांडं हरवते जी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पुण्यात शिकवत नाही काय तुमाले हे?"

मी पुण्याचा. पुण्यात फावड्याला भांडं म्हणत नाहीत, हे सांगायचं मी त्या दिवशी टाळलं. पुढे सहा वर्षं असं बरंच काही टाळत आलो.

मिल्टनमधल्या आमच्या गल्लीत घरं इतकी चिकटून आहेत, की शेजाऱ्याकडे फोडणी पडली की आपल्याकडे शिंक येते. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात शकूताई दारात आल्या आणि माझ्या बायकोला, मेधाला, म्हणाल्या, "तू हॉस्टेलात राहिलेली आहेस काय?" मेधा जन्मभर सदाशिव पेठेत आईबापांच्या घरी राहिलेली. तसं तिने सांगितलं. शकूताईंना तिची मनापासून दया आली. "अरेरे," त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही, मानद सभासद करून घेऊ." मी आपलं गमतीने विचारलं, आणि मला काय करून घेणार? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मुलींच्या हॉस्टेलात पुरुषाले एकच पोस्ट असते," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी रखवालदार. कामं तीन: त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करणं, मुलींच्या बॅगा बेसमेंटात उतरवणं, आणि सभेच्या वेळी दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसणं. रखवालदाराला मत नसतं.

भागीरथी हे अमरावतीचं मुलींचं वसतिगृह. शकूताई तरुणपणी तिथे राहिल्या, मग लग्न करून कॅनडात आल्या. मोहोडसाहेबांची इंजिनियरची नोकरी, यांचं औषधाच्या दुकानातलं काउंटर, एक मुलगा, एक घर, असं चारचौघांसारखं सगळं झालं. कॅनडात पंचेचाळीस वर्षं काढली, पण बाईंच्या बोलण्यातलं वऱ्हाड काही या बर्फाला गोठवता आलं नाही. मोहोडसाहेब गेले. मुलगा कॅलगरीला. नातवंडं रविवारी फोनवर येतात आणि आजीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला "गुड" असं एकच उत्तर देतात. मोठं घर आणि खाली रिकामं बेसमेंट. तिथे एक दिवस सायली नावाची नागपूरची विद्यार्थिनी खोली बघायला आली, आणि शकूताईंनी तिला भाड्याचं काही सांगायच्या आधी चहा देऊन वसतिगृहाची कॅनडा शाखा स्थापन केली. इतिवृत्तात नोंद आहे: 'हजर सभासद दोन. गणसंख्या पूर्ण.'

त्यानंतर त्या बेसमेंटात एका वेळी तीन-चार मुली राहत आल्या. नागपूरच्या, नाशिकच्या, साताऱ्याच्या. दिवसा कॉलेज, उरलेल्या वेळात कॉफीच्या दुकानात नाहीतर गोदामात काम, आणि पी. आर.ची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, चिंता चोवीस तास. शकूताई त्यांना सरसकट 'पोट्ट्या' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा साताऱ्याच्या मुलीने घाबरून मेधाला विचारलं होतं, की काकू रागावल्यात का. नव्हत्या रागावल्या. लाडाला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

शाखेचे नियम कडक. शपथविधी होतो. समईसमोर उभं राहून मुलीने म्हणायचं: "मी माझं ताट घाशीन, दुसरीचं राहिलं असल्यास तेही घाशीन, आणि कोणी रडत असल्यास कारण न विचारता आधी चहा करीन." हे सगळं मूळ भागीरथीतलं. आपण काही सुचवायला गेलो की शकूताईंचं उत्तर ठरलेलं: "आमच्या भागीरथीत असं नव्हतं बाप्पा." डिशवॉशर? भागीरथीत नव्हता. पिझ्झा? भागीरथीत नव्हता. मी एकदा म्हटलं, ताई, भागीरथीत उणे वीस तापमानही नव्हतं. त्यावर त्या म्हणाल्या, "होतं. उलट्या बाजूनं. मे महिन्यात."

आणि सगळ्यात मोठा नियम ताटाचा. शाखेत आलेल्या प्रत्येक मुलीला एक नवं कोरं स्टीलचं ताट मिळतं. शकूताई त्यावर स्वतः यंत्राने नाव घालतात: 'कु.' लावून, वडिलांच्या आद्याक्षरासकट. अक्षर वाकडं येतं, ते चालतं, 'कु.' राहिलेलं चालत नाही. एकीचं लग्न ठरलेलं होतं, तिने लाजत विचारलं, तर म्हणाल्या, "डिग्री होईस्तोवर कुमारीच." मुलगी डिग्री घेऊन बाहेर पडली की ताट न्यायचं नाही. ते स्वयंपाकघरातल्या शेल्फवर राहतं. पुढे नवी मुलगी येते, तिचं ताट अजून कोरायचं असतं, तेव्हा तिचं पहिलं जेवण या शेल्फवरच्या जुन्या मुलीच्या ताटात. डिग्री न घेता गेलेली मुलगी आपलं ताट बरोबर घेऊन जाते. भागीरथीत असंच होतं.

दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मागच्या अंगणात शाखेची सर्वसाधारण सभा होते. आधी ठराव, मग अहवाल, मग वांग्याची भाजी. अहवाल शकूताई उभ्या राहून वाचतात. त्यातली काही यशं माझी पाठ झाली आहेत. 'कु. सायली हिने वाहन परवाना चौथ्या प्रयत्नात मिळवला. परीक्षक तोच असूनही धैर्य सोडले नाही.' 'कु. ऋतुजा हिने प्रथमच थालीपीठ न मोडता उलटले. उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या.' 'गेल्या हिवाळ्यात शाखेच्या एकूण सहा सभासद घसरल्या, पैकी पाच हसल्या.' शेवटी एक वाक्य दरवर्षी असतं: 'अहवालाची प्रत मध्यवर्ती कार्यालय, अमरावती येथे रवाना. मागील प्रतीची पोच अद्याप नाही.' हे वाचताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. मग त्या कागद दुमडतात आणि म्हणतात, "टपाल लई स्लो करून राहिले आजकाल."

एकदाच मी त्यांना नियम मोडताना पाहिलं. प्राजक्ता नावाची मुलगी होती. दोन सेमिस्टर झाल्यावर तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तिला शिक्षण टाकून परत जावं लागलं. मी तिची बॅग वर आणली. नियमाप्रमाणे तिने आपलं ताट कपड्यांत गुंडाळून बॅगेत वरच ठेवलं होतं. शकूताईंनी दारातच बॅग उघडली, ताट काढलं आणि शेल्फवर नेऊन ठेवलं. प्राजक्ता म्हणाली, "ताई, माझं तर अर्धंच झालं." "मग अर्धं तं झालं ना!" शकूताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की मी दचकलो. मला वाटलं, मुलीचा लळा लागला होता, म्हणून असेल.

गेल्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांचे व्हिसा आटले. बेसमेंटात एकटी ऋतुजा उरली. सभेला गणसंख्या भरावी म्हणून मेधाला हजर राहायची सक्ती झाली. मागच्या जानेवारीत माझ्या भाच्याचं लग्न होतं, मी एकटाच भारतात निघालो होतो, आणि निघायच्या आदल्या दिवशी दुपारी शकूताई जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊन आल्या.

"पुण्याहून अमरावतीले जाऊन या," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यावर जाऊन कोथिंबीर आणा म्हणावं, त्या सुरात. मी म्हटलं, ताई, ते बारा-तेरा तास आहे. "बरफ चार महिने ओढता, बारा तास बसवत नाही काय?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "रेक्टरबाईच्या हातात द्या जी. सोबत चिठ्ठी आहे. टपालाचा भरोसा नाही मले."

विमानतळावर सुरक्षा तपासणीत तिथल्या बाईने साडी उलगडली. आत एक ताट. जुनं, जड, काठाला एक पोचा.

"जस्ट वन प्लेट?" तिने विचारलं.

"जस्ट वन," मी म्हटलं.

तिने ते उलटंसुलटं केलं आणि माझ्या हातात दिलं, तेव्हा मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं. सहा वर्षं शकूताईंना मी याच ताटात जेवताना बघत होतो. काठावर, छिन्नी-हातोडीने ठोकलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, लिहिलेलं होतं: 'कु. शकुंतला गो. वानखडे, खोली ११'.

मी तिथेच बाकावर बसून बूट घालत होतो. एक बूट घातल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिग्री घेतलेलीचं ताट भागीरथीत राहतं. हे ताट पंचेचाळीस वर्षं कॅनडात होतं.

अमरावतीला वसतिगृहाची नवी चारमजली इमारत आहे. रेक्टर चाळिशीच्या, चटपटीत, बोलायला गोड. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्यासमोर ठेवली. मोजून पाच ओळी. 'मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणितात पहिली होते. परीक्षेच्या आधी लग्न ठरल्याने जावे लागले. नियम मला मालूम आहे. तरी विशेष बाब म्हणून माझे ताट फळीवर ठेवून घ्यावे, ही विनंती. कॅनडा शाखेचे कार्य विचारात घ्यावे.'

सगळे अहवाल त्या एवढ्यासाठी होते! सायलीचा परवाना, ऋतुजाचं थालीपीठ, घसरून हसलेल्या पाच मुली, सगळं त्या दरवर्षी अर्जाला जोडत होत्या, आणि अर्ज काही लिहिला नव्हता.

"फळी कुठे आहे?" मी विचारलं.

रेक्टरबाई अवघडल्या. मला घेऊन खाली मेसमध्ये गेल्या. तिथे खणाखणांच्या ताटांची चळत होती. "मेस कॉन्ट्रॅक्टवर दिली तेव्हा जुनी भांडी सगळी मोडीत गेली म्हणतात, सर. माझ्या खूप आधी. मी आले तेव्हा एक चमचाही नव्हता जुना." मग मला बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या, "पण ठेवून जा ना. ऑफिसच्या कपाटात ठेवते मी." त्यांनी कपाट उघडलं. आत कबड्डीचा कप, दोन ट्यूबलाइट आणि एका गठ्ठ्यात शकूताईंचे अहवाल, सगळे. पाकिटं उघडलेली होती. कोणीतरी वाचले होते. पोच द्यायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं.

मी ते ताट तिथे ठेवू शकलो असतो. 'ठेवून घेतलं, ताई' असं सांगितलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. पाच मिनिटं मी कपाटापुढे उभा होतो. मग ताट साडीत गुंडाळलं आणि घेऊन परत आलो. ट्यूबलाइटशेजारी ते मला ठेववेना.

मिल्टनला पोचलो आणि माझा धीर सुटला. आठ दिवस मी शकूताईंना चुकवत होतो. त्या उठायच्या आत त्यांचा ड्राइव्हवे साफ करून पळून यायचो. नवव्या दिवशी त्या बूट घालून, कोट चढवून ड्राइव्हवेवर माझी वाट बघत उभ्याच होत्या.

"रखवालदार तोंड लपवून राहिला," त्या म्हणाल्या. "नाही म्हणाल्या ना?"

"नाही म्हणाल्या नाहीत, ताई. फळीच नाहीये."

मी घरात जाऊन गाठोडं आणलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. त्यांनी साडी सोडली, ताट बाहेर काढलं, पोचा पडलेल्या काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "कुसुम बोंडे मोडीत. सिंधू गावंडे मोडीत. विमल राऊत, इंदू काळे, ती खोली चारची मंदा..." आणि अशी नावं त्या घेतच राहिल्या, फळीवर डावीकडून उजवीकडे जशी ताटं होती तशी. एकीलाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नुसती नावं वाचलेली होती, रोज, हात धुवायला रांगेत उभं असताना.

"पहिल्या दिवशी मी कुसुम बोंडेच्या ताटात जेवली," त्या म्हणाल्या. "खेड्यातून आली होती. कोणाशी बोलायची हिंमत नव्हती. घास उतरत नव्हता. ताटावर पाहिलं तं कुसुम बोंडे. म्हटलं, ही कुसुमही कधी इथं बसून रडली असंन. अन् डिग्री घेऊन गेली. मग जेवली मी." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसती मान फिरवून खिडकीकडे पाहिलं. "माह्या ताटात एकही पोट्टी जेवली नाही जी कधी. एवढंच पाहिजे होतं."

मला शाखेचा नियम आठवला, म्हणून उठून चहा केला.

ऑगस्ट आला. दोनदा नाकारला जाऊन शेवटी व्हिसा मिळालेली यवतमाळची एक मुलगी, अनघा, सभेच्या दिवशीच सकाळी विमानातून उतरली. मी तिची बॅग बेसमेंटात उतरवली. पोरीचे डोळे सुजलेले होते. तिला अंगणात खुर्चीत बसवलं आणि सभा सुरू झाली. अहवाल वाचून झाला. या वेळी शेवटचं, पोच नसल्याचं वाक्य त्यात नव्हतं. शकूताई कागद दुमडणार, तोच ऋतुजा उभी राहिली. मेधाने तिला सगळं सांगितलं असावं.

"मी ठराव मांडते," ती म्हणाली. "शकूताईंचं ताट शाखेच्या शेल्फवर ठेवण्यात यावं."

"खाली बस," शकूताई म्हणाल्या. "डिग्री नाही तं ताट नाही. नियम म्हणजे नियम. आमच्या भागीरथीत..."

"भागीरथी आता इथेच आहे, ताई," ऋतुजा म्हणाली. "तिथे काय उरलंय?"

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीतून मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही सभेत मी मुद्द्याचं बोललो. "प्राजक्ताचं ताट शेल्फवर आहे," मी म्हटलं. "तिचं अर्धंच झालं होतं. इतिवृत्तात आहे."

शकूताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला फावडं परत करावं लागतंय असं वाटलं.

"रखवालदाराले मत नसते," त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता.

"मानद सभासदाला असतं," मेधा म्हणाली. "माझं अनुमोदन."

अनघाला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांनी हात वर केलेले पाहून तिनेही केला. ठराव एकमताने मंजूर झाला. शकूताई आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. मी डोकावलो तर त्या ते ताट घासत होत्या. घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. मग त्यांनी त्यात भात वाढला, वरण, तुपाची धार, डावीकडे मीठ, लिंबाची फोड, वांग्याची भाजी, आणि ते दोन्ही हातांनी धरून बाहेर आणलं आणि अनघाच्या पुढ्यात ठेवलं. स्वतः सायलीचं ताट घेऊन तिच्यासमोर बसल्या, पण वाढून घ्यायचं विसरल्या.

पोरगी थकलेली. पहिला घास तिने नुसताच हातात घोळवला. मग तिची नजर काठावर गेली. ती ठिपक्यांची अक्षरं बोटाने लावत लावत वाचू लागली.

"शकुंतला वानखडे," ती म्हणाली. "ह्या कोण होत्या, ताई?"

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायला लागलो. शकूताई मात्र तिच्या हाताकडेच बघत होत्या. तो घास तोंडात जाईपर्यंत त्या थांबल्या.

"होती एक पोट्टी," त्या म्हणाल्या. "खोली अकरातली. गणितात लई हुशार होती." आणि न विचारता त्यांनी तिला आणखी भात वाढला.